दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र : खानदेशातून घेतलेला अनुभव

केंद्र सरकारच्या ‘स्वावलंबन’ पोर्टलवरून दिव्यांगांना जे वैश्विक ओळखपत्र मिळते, ज्याला सगळे यूडीआयडी कार्ड म्हणतात, ती नागरिकाला मिळणारी एक सेवा आहे आणि तिची पारख ती वापरणाऱ्यांनीच करायला हवी. मी स्वतः लहानपणी झालेल्या पोलिओमुळे उजव्या पायाने अधू आहे आणि शिरपूर तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. माझा जुना कागदी दाखला मी या व्यवस्थेत नोंदवून घेतला. पुढे जळगाव जिल्ह्यात राहणाऱ्या माझ्या कर्णबधिर भाचीच्या आणि धडगावकडच्या एका माजी विद्यार्थ्याच्या अर्जात सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोबत राहिलो. त्यामुळे खानदेशच्या तिन्ही जिल्ह्यांत ही सेवा कशी चालते हे मला जवळून पाहता आले. माझे मत आधीच सांगतो. कार्ड चांगले आहे, पोर्टल समाधानकारक आहे, तपासणीचा दिवस मात्र अनेकांच्या वाट्याला फार कठीण येतो, आणि कार्ड हातात आल्यावरही समोरच्या कर्मचाऱ्याला कायदा ठाऊक नसेल तर त्याचा निम्मा उपयोग जागीच संपतो.

या कार्डामागे उभा असलेला कायदा म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्याने १९९५ च्या कायद्याची जागा घेतली. जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, नव्यात २१ आहेत. स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, आम्लहल्ल्याने आलेले व्यंग, पार्किन्सन, तसेच हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजार त्यात आले. ज्यांचे दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक आहे, त्यांना कायदा ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ असलेल्या व्यक्ती मानतो. सरकारी नोकरीतील ४ टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातील ५ टक्के जागा, ६ ते १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत शिक्षण, जमीनवाटपात आणि गरिबी निर्मूलनाच्या योजनांत ५ टक्के वाटा, हे लाभ या गटासाठी आहेत. म्हणूनच आमच्याकडे दाखल्याची चौकशी करताना कोणी प्रकार विचारत नाही, सगळे एवढेच विचारतात, “किती टक्के मिळाले?”

परंतु या कायद्यातील सर्वच संरक्षणांना ४० टक्क्यांची अट नाही, आणि हे मला मुद्दाम आधी सांगायचे आहे. समान वागणूक, भेदभावापासून संरक्षण, आणि व्यक्तीच्या गरजेनुसार करून द्यायची वाजवी सोय ही प्रत्येक दिव्यांग व्यक्तीसाठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकाश कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात हेच स्पष्ट केले. लिहिताना हाताचे स्नायू आखडण्याचा विकार असलेल्या उमेदवाराला लेखनिक नाकारताना त्याचे दिव्यांगत्व लक्षणीय नाही असे कारण दिले गेले होते. न्यायालयाने ते फेटाळले आणि लेखनिकाचा त्याचा हक्क मान्य केला. टक्केवारी ठरावीक लाभांची पात्रता सांगते. माणसाला माणसासारखे वागवण्यासाठी कोणत्याही कार्यालयाला टक्केवारी पाहण्याचा अधिकार नाही. आमच्या भागातील कित्येक कार्यालयांत मात्र “आधी कार्ड दाखवा, मग बोला” हीच पद्धत रुजली आहे.

आता प्रत्यक्ष सेवेकडे वळू. १ जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचा दाखला याच पोर्टलवरून देणे सर्व राज्यांना बंधनकारक आहे, त्यामुळे नव्या अर्जदाराला दुसरी वाट नाही. अर्जाला शुल्क नाही. आधार, रहिवासाचा पुरावा, छायाचित्र आणि सही किंवा अंगठा एवढ्यावर अर्ज भरता येतो. अर्ज दाखल झाल्यावर नोंदणी क्रमांक मिळतो आणि त्यावरून तो कुठवर पोहोचला हे पाहता येते. माझा जुना दाखला असल्यामुळे मला पुन्हा तपासणीला जावे लागले नाही. दाखल्याची स्पष्ट प्रत जोडली, यंत्रणेने ती जुन्या नोंदीशी पडताळली आणि कार्ड टपालाने घरी आले. ते येण्याआधीच पोर्टलवरून त्याची छापील प्रत काढता आली होती, हा भाग मला विशेष आवडला. आधारवरील नाव आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील नाव एकसारखे नसेल तर मात्र आधी ते दुरुस्त करून घ्यावे. आमच्याकडे एकाच माणसाचे आडनाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने लिहिलेले असणे ही सर्रास गोष्ट आहे, आणि अर्ज रखडण्याचे ते फार मोठे कारण ठरते.

पोर्टलची खरी अडचण ही आहे की ते हातात मोबाइल असलेल्या, त्यावर येणारा संकेतांक वाचू शकणाऱ्या आणि नेटवर्कच्या टप्प्यात राहणाऱ्या माणसाला समोर ठेवून केलेले आहे. सातपुड्यातील एखाद्या पाड्यावरच्या कुटुंबाला अर्जासाठी डोंगर उतरून बाजाराच्या गावी यावे लागते आणि तिथे सेवा केंद्रावर दुसऱ्याच्या मोबाइलचा क्रमांक दिला जातो. पुढे तपासणीच्या तारखेचा संदेश त्या दुसऱ्याच माणसाकडे जातो. माझ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत असेच घडत होते. त्याच्या वडिलांनी वेळेत सांगितले म्हणून आम्ही माझा क्रमांक नोंदवला. अर्जदारांना माझे सांगणे आहे की मोबाइल क्रमांक घरातल्या किंवा अगदी खात्रीच्या माणसाचाच द्यावा, आणि नोंदणी क्रमांकाचा कागद रेशन कार्डासोबत जपून ठेवावा.

ज्या सेवा केंद्रावर भाचीचा अर्ज भरला, तिथला उतार मी नीट पाहिला. दुकानाचा चौथरा रस्त्यापासून साधारण दीड फूट उंच होता. चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराचे मान्य प्रमाण एकास बारा असे आहे, म्हणजे दीड फूट उंचीसाठी १८ फूट लांबीचा उतार लागतो. तिथे होता तो जेमतेम ५ फुटांचा गुळगुळीत सिमेंटचा घसरता पट्टा, त्याला कठडा नव्हता, पायथ्याशी दोन मोटारसायकली आडव्या लावलेल्या, आणि वरच्या टोकाला शटरची लोखंडी पट्टी दोन बोटे वर आलेली. माझ्यासारखा कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट, लावून चालणारा माणूस अशा उतारावरून चढण्यापेक्षा पायऱ्यांवरून हात टेकत चढणे पसंत करतो. उतार बांधला की सोय झाली, अशी समजूत त्या बांधकामात स्पष्ट दिसत होती.

सार्वजनिक इमारती सुगम करण्याचा प्रश्न या एका केंद्रापुरता नाही. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून ५ वर्षांच्या आत सुगम कराव्यात असे कायदा सांगतो, आणि नियम जून २०१७ मध्ये आले. ती मुदत कधीच उलटून गेली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेविषयीचा नियम १५ कायद्याशी विसंगत ठरवला, कारण त्यातील मानके केवळ शिफारशीसारखी होती आणि कायद्याला मात्र ती बंधनकारक हवी होती. सरकारने ३ महिन्यांत बंधनकारक मानके ठरवावीत असा आदेशही दिला. म्हणजे त्या ५ फुटी पट्ट्याबद्दल तक्रार करणारा माणूस मेहरबानी मागत नाही, हे आता देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले आहे.

या सेवेचा सर्वांत कच्चा दुवा म्हणजे तपासणीचा दिवस, ज्याला लोक ‘बोर्डाचा दिवस’ म्हणतात. आठवड्यातील ठरावीक दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी दिव्यांगत्व तपासणारे वैद्यकीय मंडळ बसते. दूरच्या तालुक्यांतून माणसे पहाटेच्या गाडीने निघतात. केसपेपरची रांग, मग संबंधित तज्ज्ञाकडची रांग, मग एक्स-रे किंवा श्रवणचाचणी, मग पुन्हा सहीसाठी रांग, असा क्रम असतो. मे महिन्यात, जेव्हा आमच्याकडे पारा ४५ अंशांपाशी जातो, तेव्हा या रांगेत मेंदूच्या पक्षाघाताचे मूल कडेवर घेऊन उभी असलेली आई मी पाहिली आहे. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाच्या सर्व भागांत अडथळ्याविना वावरता यावे ही जबाबदारी कायद्याच्या कलम २५ ने घातलेली आहे. दिव्यांगत्व तपासणाऱ्या जागीच ती पाळली जात नसेल तर बाकीच्या इमारतींकडून अपेक्षा करणे अवघड आहे.

खानदेशातील ज्या शासकीय रुग्णालयात आम्ही भाचीला नेले, तिथे बोलावण्याची पद्धत अशी होती की कर्मचारी अर्धवट उघड्या दारातून नाव पुकारत असे आणि दोनदा पुकारून उत्तर आले नाही की पुढचे नाव घेत असे. तो कान तपासण्याचा कक्ष होता. बाहेर बसलेल्यांपैकी बहुतेकांना ऐकू येत नव्हते आणि पंख्यांच्या घरघरीत त्यांच्यासोबत आलेल्यांनाही नावे नीट कळत नव्हती. पारोळ्याकडून आलेल्या एक आजी दर थोड्या वेळाने माझा हात हलवून विचारत होत्या, “मनं नाव उनं का भाऊ? माले ऐकू येस नही.” त्यांच्यासोबत कोणी नव्हते. त्यांचे नाव पुकारून गेले होते की नाही हे मलाही सांगता येईना, म्हणून मी आत जाऊन विचारले. कर्मचारी उद्धट नव्हता, “काका, यादी मोठी आहे, मी तरी किती वेळ ओरडू?” असे तो म्हणाला, आणि त्याचे म्हणणे त्याच्या जागी खरे होते. दारावर एक फळा टांगून त्यावर चालू क्रमांक खडूने लिहिला असता तर त्याचा घसा वाचला असता आणि आजींचा जीव सुखात राहिला असता. या सूचनेला निधी लागत नाही, शासन निर्णय लागत नाही. मी ती लेखी दिली. ज्यांच्याकडे दिली त्यांनी ती शांतपणे वाचली आणि पोच दिली, हेही नोंदवतो.

भाषेचा प्रश्न याहून गंभीर आहे. नंदुरबारच्या डोंगराळ भागातील मुलाच्या घरी पावरी किंवा भिली बोलतात आणि मराठी त्याला शाळेत गेल्यावर भेटते. अशा मुलाची बौद्धिक चाचणी प्रमाण मराठीत घेतली तर निकाल कशाचा लागतो, मुलाच्या बुद्धीचा की त्याच्या मराठीचा, हे कोणी तपासत नाही. शिक्षक म्हणून मी अशी मुले रोज पाहतो. वर्गात मुकी वाटणारी पोर मैदानात आपल्या भाषेत खेळाचे नियम ठरवत असते. तिन्ही जिल्ह्यांच्या मंडळांजवळ त्या त्या भागातील बोली जाणणारा माणूस असणे ही मला या सेवेची किमान गरज वाटते. आशा सेविका किंवा आश्रमशाळेतील शिक्षक यांना त्या दिवसापुरते बोलावले तरी काम भागेल.

टक्केवारीबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण सगळ्यांचे लक्ष तिच्यावरच असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली आणि त्यानंतर कार्डाचे तीन रंग ठरले : ४० टक्क्यांहून कमी असेल तर पांढरे, ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान पिवळे आणि ८० टक्के किंवा अधिक असेल तर निळे. रंगामुळे काम करणाऱ्याला एका नजरेत पात्रता कळते हे खरे, पण रंग ही माणसाची प्रतवारी ठरू नये. पांढऱ्या कार्डाच्या माणसाला “तुम्ही दिव्यांगच नाही” असे सांगणे कायद्याला धरून नाही. टक्केवारीचा आंधळा वापर उलट दिशेनेही नुकसान करतो. ओंकार गोंड या महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला वाचादोषाची टक्केवारी ४० च्या वर आहे एवढ्याच कारणाने वैद्यकीय प्रवेश नाकारला जात होता. ऑक्टोबर २०२४ मधील निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आकड्यावरून थेट अपात्र ठरवता येणार नाही, त्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रम पूर्ण करता येईल का हे मंडळाने पाहायला हवे. आमच्याकडे दहावी-बारावीच्या पालकांनी हा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे.

माझ्या माजी विद्यार्थ्याला सिकलसेल आहे. सातपुड्यातील आदिवासी समाजात हा आजार नवा नाही; सांधे दुखणे, रक्त कमी होणे, थंडीत किंवा अंगमेहनतीनंतर असह्य कळा येणे हे तिथल्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसलेले आहे. पण हा आजार दिव्यांगत्वाच्या कायद्यात मोडतो, हे मला भेटलेल्या कुटुंबांपैकी फारच थोड्यांना ठाऊक होते. त्याच्या वडिलांचा पहिला प्रश्न होता, “गुरुजी, त्याचे हातपाय तर धड आहेत, मग त्याला कसे देतील?” बाहेरून न दिसणारे दिव्यांगत्व समजावून सांगणे सर्वांत अवघड असते. इथे एक भेद समजून घ्यावा लागतो : आईवडिलांपैकी एकाकडूनच दोष आलेला वाहक आणि दोघांकडूनही आलेला रुग्ण यांत फरक आहे, आणि दाखला रुग्णाला मिळतो. त्यासाठी नुसती प्राथमिक विद्राव्यता चाचणी पुरत नाही, इलेक्ट्रोफोरेसिससारखी खात्री करणारी चाचणी लागते. तिचा अहवाल आधीच घेऊन गेल्यास एक मोठा हेलपाटा वाचतो.

कायद्याच्या या भागाबद्दल माझी स्पष्ट नाराजी आहे. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया असलेल्यांना उच्च शिक्षणातील ५ टक्के आरक्षणाचा लाभ घेता येतो, पण नोकरीतील ४ टक्के आरक्षण ज्या गटांत वाटले आहे त्या कलम ३४ मध्ये रक्ताच्या आजारांचा समावेश नाही. म्हणजे याच मुलाला कायदा महाविद्यालयाच्या दारापर्यंत नेतो आणि नोकरीच्या दाराशी सोडून देतो. नंदुरबारसारख्या जिल्ह्यासाठी ही उणीव फार मोठी आहे आणि आमच्या लोकप्रतिनिधींनी ती संसदेत मांडायला हवी.

मुदतीविषयीही सांगितले पाहिजे. पूर्वीच्या नियमांत दाखला एका महिन्यात देणे अपेक्षित होते. २०२४ च्या दुरुस्तीने ही मुदत ३ महिन्यांची झाली. अर्जदाराच्या दृष्टीने हे पाऊल मागे पडले आहे, असे माझे मत आहे. मंडळांवर भार आहे हे मान्य, परंतु भार असेल तर मंडळे वाढवावीत आणि तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयांत शिबिरे नियमित घ्यावीत. महाविद्यालयाच्या प्रवेशाची तारीख कोणासाठी ३ महिने थांबत नाही. दाखला नाकारला तर कारण लेखी देणे बंधनकारक आहे. “बसत नाही, जा” असे तोंडी उत्तर स्वीकारू नये. निर्णय मान्य नसेल तर ९० दिवसांच्या आत अपील करता येते. एकदा मिळालेला दाखला देशभर वैध असतो, त्यामुळे शहाद्याचा मुलगा सुरतेला कामाला गेला तरी त्याला तिथे नवा दाखला मागण्याचे कारण नाही.

कार्ड हातात आल्यानंतरचा अनुभव संमिश्र आहे, आणि त्यातील सर्वांत चांगला भाग एसटीचा आहे. साध्या गाडीत ४० टक्क्यांवरील दिव्यांगाला प्रवासभाड्यात ७५ टक्के सवलत मिळते, आणि दिव्यांगत्व ६५ टक्के किंवा अधिक असेल तर सोबतच्या माणसाला ५० टक्के. शिरपूर-धुळे गाडीत वाहक कार्ड पाहतात, तिकीट देतात आणि बहुतेकदा पुढची जागाही मोकळी करून देतात. खेड्यात राहणाऱ्या माणसासाठी दवाखाना, कचेरी आणि शिक्षण या तिन्ही वाटा एसटीतूनच जातात, त्यामुळे या एका सवलतीचे मोल फार आहे. रेल्वेत मात्र हे कार्ड खिडकीवर ठेवून काम होत नाही. रेल्वेचे स्वतंत्र सवलत-ओळखपत्र काढावे लागते आणि त्यासाठी विहित नमुन्यात डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. खानदेशात आणखी एक बारकावा आहे : जळगाव, भुसावळ, चाळीसगाव ही स्थानके मध्य रेल्वेत येतात, तर अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार ही पश्चिम रेल्वेत. अर्ज करताना आपले स्थानक कोणत्या विभागात येते ते आधी पाहावे. साऱ्या देशाचे एकच ओळखपत्र म्हणून जे कार्ड आणले, ते सरकारच्याच रेल्वेला पुरेसे वाटू नये, ही गोष्ट मला पटत नाही.

गावपातळीवरील लाभांबाबत माहितीचा दुष्काळ आहे. ग्रामपंचायत, नगरपालिका आणि जिल्हा परिषद यांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. एका ग्रामपंचायतीत मी याची चौकशी केली तेव्हा निधी खर्च झाल्याचे सांगण्यात आले, पण कोणावर आणि कशावर, याची यादी दाखवायला टाळाटाळ झाली. यादी मागणे हा गावकऱ्याचा हक्क आहे. ग्रामसभेत विचारावे, नाही तर माहिती अधिकारात अर्ज करावा. निराधार दिव्यांगांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दरमहा मदत मिळते आणि त्यासाठी तहसील कार्यालयात अर्ज करावा लागतो. राज्यात डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग झाला, ही चांगली घटना आहे, परंतु त्याची ओळख अजून तालुक्याच्या टेबलापर्यंत पोहोचलेली दिसत नाही.

बोगस दाखल्यांबद्दल बोलल्याशिवाय हे परीक्षण अपुरे राहील. आमच्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांत बदल्यांची वेळ आली की दिव्यांगांसारख्यांना बदलीत सवलत देणाऱ्या ‘संवर्ग एक’मध्ये कोण कोण अचानक आले याची कुजबुज सुरू होते. खोटेपणाने दिव्यांगांचे लाभ घेणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, असे कलम ९१ सांगते. संगणकावर नोंद असलेल्या या कार्डामुळे खोटा कागद ओळखणे सोपे होते, हा या व्यवस्थेचा मोठा गुण आहे. मात्र पडताळणीच्या नावाखाली खऱ्या दिव्यांगांना वारंवार उभे करणे, त्यांना सगळ्यांसमोर चालून दाखवायला लावणे, हे होता कामा नये. कॅलिपर काढून दाखवा, असे चारचौघांत सांगितले जाते तेव्हा काय वाटते ते मला ठाऊक आहे. दिव्यांग व्यक्तीला अपमानित करण्याच्या हेतूने लोकांसमोर तिचा पाणउतारा करणे हा कलम ९२ खाली ६ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, हे पडताळणी करणाऱ्यांनीही वाचलेले असावे.

अडवणूक झाली तर कुठे जायचे, हे कार्डासोबत छापून यायला हवे होते. ते येत नाही, म्हणून इथे लिहितो. प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असला पाहिजे, पहिली तक्रार त्याच्याकडे करावी. त्यानंतर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे लेखी अर्ज करता येतो. राज्य आयुक्तांना साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे मागवणे यांसारखे दिवाणी न्यायालयाचे अधिकार कायद्याने दिलेले आहेत. घरात किंवा संस्थेत छळ, मारहाण, शोषण होत असेल तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्याकडे सहसा तहसीलदारांना, कळवता येते, आणि ही माहिती कोणीही देऊ शकतो, शेजारीसुद्धा. नोकरीत असताना दिव्यांगत्व आले तर सरकारी कर्मचाऱ्याला कामावरून कमी करता येत नाही किंवा पदावनत करता येत नाही. त्याला त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या योग्य पदावर घ्यावे लागते.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून माघार घेणारे खूप आहेत, आणि त्यांच्यासाठी एक फारशी माहीत नसलेली तरतूद आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्तीला मोफत विधी सेवा मिळते, आणि त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा लागू होत नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, आणि १५१०० हा मदत क्रमांक देशभर चालतो. माझ्या भाचीला एका बँकेने “ऐकू येत नाही, मग व्यवहाराची जबाबदारी कोणाची?” म्हणून स्वतःच्या नावाने खाते उघडायला नकार दिला होता. दिव्यांग व्यक्तीला स्वतःचे आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा, कर्ज घेण्याचा आणि मालमत्ता बाळगण्याचा समान हक्क आहे, हे कलम १३ चे शब्द आम्ही कागदावर लिहून नेले आणि प्राधिकरणाकडे जाण्याची तयारी असल्याचे सांगितले. खाते उघडले गेले. पासबुकावर तिचे एकटीचे नाव आहे आणि सही तिचीच आहे.

जे आता अर्ज करणार आहेत त्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. आजार बदलता असेल तर दाखला तात्पुरता मिळतो आणि त्यावर मुदतीची तारीख छापलेली असते. नूतनीकरणाच्या अर्जालाही वेळ लागतो, त्यामुळे मुदत संपण्याच्या बरेच महिने आधी पोर्टलवर अर्ज करावा, नाही तर मधल्या काळात एसटीच्या सवलतीपासून अनुदानापर्यंत सगळे अडकते. माझ्या विद्यार्थ्याच्या दाखल्यावर अशीच तारीख आहे, आणि त्याने ती पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या प्रवेशाच्या कागदपत्रांसोबत नोंदवून ठेवली आहे.